शुगर निघाली, मग हार्टची गोळी कशाला?

पत्र : नमस्कार डॉक्टर. आम्ही मालवण तालुक्यातले, घरचीच छोटी खानावळ आहे. मिस्टर ४६ वर्षांचे, उंची पाच फूट सहा इंच, वजन ६१ किलो, हातपाय बारीक, फक्त पोट थोडं सुटलंय. पूर्वी रापणीला (किनाऱ्यावरून दोराने मोठं जाळं ओढून मासे धरायला) जायचे, आता पर्यटकांच्या बोटीचं बुकिंग बघतात. गोडाची अजिबात आवड नाही, चहासुद्धा बिनसाखरेचा. पायाची जखम भरेना म्हणून दाखवलं तर शुगर निघाली. उपाशीपोटी १६८, जेवणानंतर २४६, एचबीएवनसी ८.१. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन दिली ते ठीक, पण सोबत ॲटोरव्हास्टॅटिन पण दिली. दीर मुंबईला असतात, ते म्हणाले कोलेस्टेरॉल १९४ म्हणजे दोनशेच्या आत, ईसीजी नॉर्मल, मग हार्टची गोळी कशाला, हे डॉक्टर लोक एकावर एक चिकटवतात. तेव्हापासून यांनी ती गोळी बंद केली आणि रोज सकाळी सप्तरंगीचा काढा घेतायत. गोड न खाणाऱ्या बारीक माणसाला शुगर होतेच कशी? शुगरचा हार्टशी काय संबंध? मुलगा वीस वर्षांचा आहे, त्याला पण होणार का? आणि भात बंद करायचा का तेही सांगा, आमच्याकडे भाताशिवाय जेवण होत नाही. रिपोर्टचे फोटो जोडलेत.

उत्तर : ताई, आधी गोळीचं सांगतो, बाकीचं नंतर. ज्या डॉक्टरांनी ॲटोरव्हास्टॅटिन दिली त्यांना फोन करा, मधे बंद केली होती हे न लपवता सांगा, आणि त्यांनी हो म्हटलं की भावोजींना, म्हणजे तुमच्या मिस्टरांना, परत सुरू करायला लावा. दिरांवर रागावू नका, त्यांना जे वाटलं ते निम्म्या कोकणाला वाटतं. शुगर म्हणजे रक्तात साखर, हार्ट म्हणजे छातीत दुखणं, दोन वेगळे आजार, दोन वेगळे डॉक्टर, असंच आपण धरून चालतो. पेशीच्या आत जाऊन बघितलं तर एकच बिघाड दोन्हीकडे दिसतो, आणि त्यातली हार्टकडची बाजू शुगर रिपोर्टात दिसायच्या कितीतरी वर्षं आधी सुरू झालेली असते. हे जरा सविस्तर लिहितो, कारण नुसतं "गोळी घ्या" सांगून भावोजी ऐकणाऱ्यातले नाहीत असं पत्रावरनं वाटतंय.

बारीक माणसाला शुगर कशी, याचं उत्तर तुम्हीच पत्रात लिहून ठेवलंय. रापण सुटली आणि पोट सुटलं. आपण जेवलो की भाताची साखर होऊन रक्तात येते, स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन सोडतात, आणि मग ही साखर उचलायचं मोठं काम असतं मांड्या, पाठ, खांदे इथल्या स्नायूंचं. पण स्नायूच्या पेशीत साखर आपोआप शिरत नाही. तिला आत घ्यायला ग्लुट-४ नावाचं प्रथिन लागतं, आणि ते एरवी पेशीच्या आतच बारीक बारीक पुडक्यांत पडून असतं, जशा खाडीत आत ओढून ठेवलेल्या होड्या. इन्सुलिन बाहेरून पेशीच्या रिसेप्टरला (निरोप घेणाऱ्या जागेला) चिकटलं की आत एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे निरोप जातो, आयआरएस, मग पीआय-३ कायनेज, मग एकेटी (नावं विसरलात तरी चालेल), आणि निरोप पोचला की होड्या धक्क्याला लागून माल भरायला लागतात.

भावोजींच्या पेशीत हा निरोप मधेच अडतो, आणि अडवते ती साखर नव्हे, चरबी. स्नायूला रोज जेवढं इंधन लागतं त्यापेक्षा जास्त आत येत राहिलं की पेशीत चरबीचे अर्धवट घडलेले रेणू साठतात. त्यातला एक डायअसिलग्लिसरॉल, तो एका एन्झाइमला (पेशीतली कामं घडवून आणणाऱ्या प्रथिनाला) जागं करतो आणि ते एन्झाइम आयआरएसवर नको त्या जागी फॉस्फेट चिकटवून ठेवतं. म्हणजे रिसेप्टर शाबूत, इन्सुलिन भरपूर, पण निरोप पहिल्याच पायरीवर अडकला. यालाच इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. रापणीचा दोर ओढताना हे सगळं इंधन जळून जायचं, आता खुर्चीत बसून मोबाइलवर बुकिंग घेताना जळत नाही, आणि ताटातला भात मात्र रापणीच्या दिवसांइतकाच आहे, बरोबर ना? खानावळ घरचीच म्हटल्यावर विचारायलाच नको.

आणि वजनकाट्याचं म्हणाल तर काटा आपल्या लोकांना फसवतो. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचाच एकत्र फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. बाहेरून सारखेच दिसणारे दोन पुरुष, आतून एकात दुपटीपेक्षा जास्त चरबी. भावोजींचा बीएमआय मी काढला, साडेएकवीसच्या जरासा वर, म्हणजे तक्त्यात एकदम नॉर्मल. आता शिंप्याची टेप घ्या आणि पोट आत न ओढता कंबर मोजा. आपल्याकडच्या पुरुषांना ९० सेंटीमीटर ही हद्द धरतात, बायकांना ८०. मला वाटतं भावोजींची हद्द ओलांडलेली निघेल, आणि तुमचीपण मोजून घ्या, खानावळीत सगळ्यांना वाढून झाल्यावर दुपारी चार वाजता जेवणाऱ्या बाईची कंबर कोणीच मोजत नाही.

कातडीखालची चरबी तशी निरुपद्रवी असते, पण आपल्यात ती साठवायची जागा लवकर संपते. मग चरबी पोटाच्या आत, आतड्यांभोवती, लिव्हरमध्ये, स्वादुपिंडात जाऊन बसते. तिथली चरबी स्वस्थ बसत नाही, फॅटी ॲसिड सोडत राहते, सूज वाढवणारी रसायनं सोडत राहते, आणि त्यातलं बरंचसं थेट लिव्हरला जातं.

लिव्हरजवळ जरा थांबू, कारण "गोड खात नाही तरी शुगर" याचं खरं उत्तर तिथे आहे. भावोजींची सकाळची, काही न खाता केलेली शुगर १६८ आहे. रात्रभर पोटात अन्न नाही, मग ही साखर आली कुठून? लिव्हरने बनवली. उपाशी असताना लिव्हर साखर बनवून रक्तात सोडतं, ते त्याचं कामच आहे, नाहीतर रात्री मेंदू चालणार कशावर. इन्सुलिन लिव्हरला दोन हुकूम देतं, एक म्हणजे साखर बनवणं थांबव, दुसरा म्हणजे जास्तीचं इंधन चरबी करून ठेव. गंमत (गंमत कसली, घोळ) असा की बिघडलेलं लिव्हर पहिला हुकूम मानत नाही आणि दुसरा मात्र बरोब्बर मानतं. साखर बनवत राहतं, चरबीपण बनवत राहतं. इन्सुलिन कमी पडतंय म्हणून बीटा पेशी आणखी इन्सुलिन ओततात, त्याने साखर थोडी आवरते पण चरबीच्या हुकमाला आणखी जोर येतो. ही चरबी ट्रायग्लिसराइड होऊन रक्तात येते.

आता तुम्ही पाठवलेला रिपोर्ट उघडा, दिरांनी बघितली त्याच्या खालच्या ओळी. एकूण कोलेस्टेरॉल १९४, खरंय, दोनशेच्या आत. त्याखाली ट्रायग्लिसराइड २३८, असायला हवं १५०च्या आत. एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ३४, पुरुषांत ४०च्या वर हवं. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ११२, लॅबने पुढे "नॉर्मल" छापलंय. हे तीन आकडे एकत्र वाचायचे असतात. ट्रायग्लिसराइड चढलेलं आणि एचडीएल उतरलेलं ही जोडी म्हणजे इन्सुलिन रेझिस्टन्सची सहीच, आणि अशा रक्तात एलडीएलचे कण आकाराने लहान आणि घट्ट होतात. म्हणजे ११२ हे वजन तेच, पण कणांची संख्या जास्त, आणि बारीक कण रक्तवाहिनीच्या भिंतीत जास्त सहज शिरतात. लॅबचा "नॉर्मल" हा सगळ्यांसाठी छापलेला असतो, शुगरवाल्या माणसासाठी तो लागू नाही, हे त्या कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं आणि त्यामुळे माझा रोजचा अर्धा वेळ त्या एका शब्दाशी भांडण्यात जातो.

आता हार्टकडे. रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, एंडोथेलियम म्हणतात त्याला. केसापेक्षाही कितीतरी पातळ थर, पण अख्ख्या शरीराच्या रक्तवाहिन्या त्याच्यावर चालतात. या पेशी नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतात, त्याने वाहिनी सैल राहते, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट चिकटत नाहीत, सूज येत नाही. हा साधा वायू शरीरात निरोप्याचं काम करतो हे शोधल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि म्युराद या तिघांना १९९८चं नोबेल मिळालं. आणि हा वायू बनवायचा हुकूम कोण देतं? बाकी कारणांबरोबर इन्सुलिनसुद्धा, तेही त्याच रस्त्याने, आयआरएस, पीआय-३ कायनेज, एकेटी. स्नायूत जो निरोप अडला तोच इथेही अडतो. आणि लिव्हरसारखाच घोळ इथेही होतो बरं का, इन्सुलिनचा दुसरा एक रस्ता आहे ज्याने वाहिनी आवळणारं एंडोथेलिन बनतं, तो रस्ता उघडाच राहतो. म्हणजे जेव्हा भावोजींची शुगर अजून नॉर्मल होती, बीटा पेशी दुप्पट इन्सुलिन ओतून सगळं सांभाळून नेत होत्या, रिपोर्टात काही येत नव्हतं, तेव्हाही आत वाहिन्या सैल कमी आणि आवळलेल्या जास्त अशा चालल्या होत्या. शुगर कळली गेल्या महिन्यात. हे त्याच्या बऱ्याच आधीचं.

मग बीटा पेशी दमतात. वर्षानुवर्षं जास्तीचं इन्सुलिन घडवताना त्यांच्या आतली प्रथिनं घडवणारी यंत्रणा ताणाखाली येते, वरून चरबी आणि साखर दोन्हींचा मारा, आणि हळूहळू त्या कामातून जातात. इंग्लंडातल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासातून हिशोब निघाला होता की टाइप २ मधुमेह कळतो त्या दिवशी बीटा पेशींची जवळपास निम्मी ताकद आधीच गेलेली असते. इथून पुढे रक्तातली साखर चढायला लागते आणि दुसरा मार सुरू होतो.

हा दुसरा मार समजला तर शुगरने डोळे, किडनी, नसा आणि हार्ट हेच का बिघडतं ते कळतं. स्नायूची पेशी साखर नको असेल तर आत घेत नाही, तिच्या होड्या आतच राहतात. एंडोथेलियमच्या पेशीला ती सोयच नाही. तिथे ग्लुट-१ आहे, ते कायम उघडं, त्याला इन्सुलिन लागत नाही आणि बंदही करता येत नाही. रक्तात साखर २४६ तर पेशीच्या आतही साखरेचा लोंढा. डोळ्याचा पडदा, किडनीची गाळणी, नसा, सगळीकडच्या पेशींची हीच अडचण. एवढी साखर मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या भट्टीत, जाळताना सुपरऑक्साइड नावाचा तडतडा रेणू जास्त तयार होतो, तो असलेलं नायट्रिक ऑक्साइडही खाऊन टाकतो, आणि पेशीतले चार-पाच बिघाड एकदम सुरू करतो. अमेरिकेतल्या मायकेल ब्राउनली यांनी २००१ साली हे सगळे बिघाड या एकाच धाग्यात ओवून दाखवले. शिवाय साखर प्रथिनांना नुसती चिकटतेसुद्धा, कुठलंही एन्झाइम न लागता. हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर म्हणजे तुमचं एचबीएवनसी, तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते म्हणून त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब निघतो (८.१ म्हणजे सरासरी शुगर १८५च्या आसपास). पण हिमोग्लोबिन निदान बदलतं तरी, रक्तवाहिनीच्या भिंतीतलं कोलॅजन नावाचं धाग्यांचं प्रथिन वर्षानुवर्षं तेच असतं, त्याला चिकटलेली साखर पुढे त्याचे धागे एकमेकांत बांधून टाकते आणि वाहिनी कडक होते.

अशा चिडलेल्या एंडोथेलियममधून ते बारीक एलडीएल भिंतीत शिरतं, तिथे अडकतं, खराब होतं. पेशी पृष्ठभागावर चिकट रेणू काढतात, त्यांना धरून रक्तातल्या पांढऱ्या पेशी भिंतीत शिरतात आणि खराब एलडीएल खात सुटतात, इतकं की चरबीने फुगून फेसाळ दिसायला लागतात. फोम सेल हे नाव त्यावरूनच. अशा पेशींचा ढीग म्हणजे प्लाक. त्यावर एक धाग्यांची टोपी असते. हार्ट अटॅक बऱ्याचदा नळी हळूहळू बुजत जाऊन येत नाही, आतली सूज ती टोपी कुरतडते, टोपी एक दिवस फाटते, आतला माल रक्ताला लागतो आणि मिनिटांत गुठळी होते. म्हणून कालपर्यंत धडधाकट होता, काल रात्री भजनाला होता आणि सकाळी गेला, असं आपण म्हणतो ना, ते खरंच असतं. आणि म्हणून नॉर्मल ईसीजीवर विसंबू नका, ईसीजी त्या क्षणीची हृदयातली वीज दाखवतो, भिंतीतला प्लाक त्यात दिसत नाही.

आता ती गोळी काय करते. ॲटोरव्हास्टॅटिन ही स्टॅटिन जातीची गोळी. स्टॅटिन लिव्हरच्या पेशीत कोलेस्टेरॉल बनवणारं एन्झाइम अडवतं, पेशीला आत कोलेस्टेरॉल कमी पडतं, म्हणून ती स्वतःच्या पृष्ठभागावर एलडीएल पकडणारे रिसेप्टर वाढवते आणि रक्तातलं एलडीएल ओढून घेते. प्लाकची टोपीपण घट्ट व्हायला मदत होते. शुगर आहे, हार्टचा काही त्रास नाही, एलडीएलही फार नाही, म्हणजे बऱ्याच अंशी भावोजींसारख्या लोकांवर कार्ड्स नावाचा अभ्यास झाला होता, २००४ साली छापून आला. निम्म्यांना ॲटोरव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम, निम्म्यांना नुसती दिसायला तशीच गोळी. खऱ्या गोळीवाल्यांत हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे मोठे प्रकार ३७ टक्क्यांनी कमी झाले, फरक इतका स्वच्छ होता की अभ्यास ठरल्यापेक्षा दोन वर्षं आधीच थांबवला. तेव्हापासून मधुमेह असलेल्या चाळिशीच्या पुढच्या माणसाला एलडीएलचा आकडा काहीही असो, स्टॅटिन द्यायचा विचार करायचाच असा रिवाज झालाय. तुमच्या डॉक्टरांनी नेमकं तेच केलं. एकावर एक चिकटवली असं म्हणायला इथे जागा नाही, आणि ही गोळी महागड्यातली पण नाही.

दिरांना व्हॉट्सॲपवर कोणीतरी पाठवेलच म्हणून आधीच सांगतो, हो, स्टॅटिनने शुगर किंचित वाढू शकते. थोडीशीच वाढते, आणि वाचवते ते हार्ट. अंग फार दुखायला लागलं, लघवीचा रंग गडद झाला तर डॉक्टरांना दाखवा, पण मनाने बंद नको.

सप्तरंगीबद्दल मी नाक मुरडणार नाही. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घेतात आणि त्या वनस्पतीच्या मुळीत, आतड्यातली पिष्टमय पदार्थ फोडणारी एन्झाइमं अडवणारी द्रव्यं खरोखरच सापडलीयेत, अकार्बोज नावाची गोळीपण त्याच जागी काम करते. म्हणजे जेवणानंतरची शुगर चढायचा वेग थोडा कमी होऊ शकतो. पण वर जे सगळं लिहिलं, लिव्हरची रात्रीची साखर, अडकलेला निरोप, भिंतीतलं एलडीएल, तिथपर्यंत तिचा हात पोचतो असं म्हणता येत नाही, आणि बाजारात सप्तरंगी म्हणून विकलं जाणारं लाकूड कुठलं असतं देव जाणे. काढा घेताय हे डॉक्टरांना सांगा, पुढे शुगरच्या गोळ्या वाढवल्या तर दोन्ही मिळून शुगर खाली जायला नको. गोळीच्या जागी काढा मात्र नाही.

भात. बंद करू नका, बंद केलेला भात पंधरा दिवसांनी दुप्पट होऊन परत येतो हे मी भरपूर बघितलंय. मूद अर्धी करा, उकडा तांदूळ घेत असाल तर तोच ठेवा, आणि ताटात क्रम बदला, आधी भाजी, मासा, कुळथाची पिठी, मग भात. आधी प्रथिन आणि चोथा पोटात गेला की साखर सावकाश चढते. बांगडा, तारली, पेडवे हे मासे उत्तमच, फक्त रव्यात घोळवून तेलात सोडणं पाहुण्यांसाठी ठेवा, घरच्यांना तिरफळ घालून कालवण करा, आणि त्यात खोबऱ्याचं वाटण निम्मं. खोबरं वाईट नाही, पण त्यातली चरबी एलडीएल वाढवणाऱ्या जातीची आहे हे नारळाच्या गावात बोलायला जरा धीर लागतो. मे महिन्यात हापूस खाणारच, ठीक आहे, फोडी खा, पण त्या जेवणात भात नाही आणि आमरसाची वाटी तर नाहीच.

आणि जेवून उठलं की लगेच पंधरा मिनिटं चालणं, दोन्ही वेळा. हे मी उगाच दिलेलं काम नाहीये. स्नायू आकसला की ग्लुट-४ इन्सुलिनच्या निरोपाशिवायसुद्धा पृष्ठभागावर येतं, दुसऱ्याच रस्त्याने, आणि तो रस्ता इन्सुलिन रेझिस्टन्समध्येही बहुतेक शाबूत असतो. म्हणजे अडकलेला निरोप बाजूला ठेवून साखर आत. आठवड्यातून दोन-तीन दिवस ओझ्याचं काम पण हवं, विहिरीचं पाणी शेंदणं, बागेत आळी करणं, आणि पर्यटकांचा सीझन नसेल तेव्हा रापणीला हात लावायला कोणी अडवलंय? विडी-सिगारेट, मशेरी असेल तर ती आधी बंद. फक्त पायाची जखम पूर्ण भरेपर्यंत चप्पल न घालता पुळणीवर (किनाऱ्याच्या वाळूत) अजिबात नाही. शुगरने नसा बधिर झाल्या असतील तर शिंपल्याने कापलेलं कळणारही नाही, पुढच्या वेळी डॉक्टरांना पायाची संवेदना तपासायला सांगा.

नसांवरून आठवलं, हे तुम्ही स्वतः लक्षात ठेवा. शुगरवाल्या माणसाला अटॅक येताना छातीत दुखेलच असं नाही, कारण हृदयाकडच्या नसाही बोथट झालेल्या असू शकतात. अचानक दम लागणं, घामाने निथळणं, जबडा किंवा डावा हात भरून येणं, पोटाच्या वरच्या भागात दडपण, यातलं काही आलं की आपल्याकडे "गॅस झालाय" म्हणून ओवा-सोडा देतात आणि तास-दोन तास वाया जातात. ओवा नको, १०८ ला फोन.

मुलाचं. होणारच असं नाही, पण धोका जास्त आहे हे खरं. याज्ञिकांच्याच टीमने पुण्याजवळच्या गावांत १९९३ पासून गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केला, त्यात दिसलं की आपली बाळं जन्मतःच वजनाला कमी पण त्या मानाने चरबीला सरस असतात. म्हणजे हे अर्धं गर्भातच ठरून येतं, अर्धं पुढे आपण ठरवतो. शेजारच्या गोव्यात काय परिस्थिती आहे बघा, आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ साली आलेल्या देशभरच्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त तिथेच निघालं, २६.४ टक्के, देशाचा आकडा ११.४ असताना. आपण काही त्यांच्यापेक्षा फार वेगळं खातपित नाही. सरकारी तपासणी तिशीपासून फुकट होते, उपकेंद्रात किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरात (पूर्वीचं आरोग्यवर्धिनी केंद्र), पण वडिलांना ४६ व्या वर्षी निघालीय तर मुलाची आत्ताच एकदा एचबीएवनसी आणि लिपिड (कोलेस्टेरॉलची तपासणी) करा. एचबीएवनसी ५.७च्या खाली आली तर दर दोन-तीन वर्षांनी परत. ५.७ ते ६.४ मधे आली तर घाबरू नका, त्या टप्प्यावर वजन आणि कंबर थोडी जरी उतरवली तरी बराच फरक पडतो, बीटा पेशी अजून हातात असतात. भावोजींच्या बाबतीतही शुगर नवीन आहे, कंबर खरोखर उतरली तर लिव्हर आणि स्वादुपिंडातली चरबी आधी उतरते, मग गोळ्या कमी होण्याची आशा आहे, पण ते डॉक्टरांनी आकडे बघून ठरवायचं.

तीन महिन्यांनी एचबीएवनसी आणि लिपिड परत करा, एलडीएल १००च्या आत, जमल्यास ७०च्या आत आलं पाहिजे. डोळ्याचा पडदा एकदा तपासून घ्या. आणि दोन गोष्टी तुमच्या पत्रात आणि रिपोर्टात कुठेच नाहीत. एक, लघवीतलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन, त्यावरून किडनीची गाळणी आणि एंडोथेलियम दोन्ही कळतात. दुसरी, ब्लड प्रेशर. सलग तीन दिवस सकाळी, चहाच्या आधी, पाच मिनिटं शांत बसवून मोजून घ्या आणि आकडे मला कळवा.